एफिब आणि रक्त पातळ करणारी गोळी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच एफिब, हा हृदयाचे ठोके अनियमित करणारा आजार. या आजारात पक्षाघात होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच होता: गोळी कमी करता येईल का, मधे थांबवता येईल का? त्यातले आठ प्रश्न इथे घेतले आहेत.

वडिलांचं वय ७१. बीपी आहे, शुगर आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत एफिब निघालं. त्यांना धडधड नाही, दम लागत नाही. फॅमिली डॉक्टर म्हणतात, इकोस्प्रिन ७५ चालू आहे तेवढी पुरे. हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र अपिक्झाबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली, तीही कायमची. काहीच त्रास नसताना एवढं कशाला? (सांगली)

त्रास नाही म्हणजे धोका नाही, असं एफिबमध्ये नसतं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी, आंधळ्या गल्लीसारखी खोबण असते. तिथे रक्त रेंगाळतं आणि गुठळी धरते. ती सुटली की सरळ मेंदूकडे जाऊ शकते. एफिबमुळे पक्षाघाताची शक्यता साधारण पाचपट होते आणि गुठळी मोठी असल्यामुळे झटकाही सहसा मोठाच येतो. धडधड जाणवते की नाही, याचा या हिशेबाशी संबंध नाही.

गोळी द्यायची की नाही हे गुण मोजून ठरवतात. वय ६५ ते ७४ असेल तर १ गुण, ७५ किंवा पुढे २. बीपी १, मधुमेह १, हृदयाचं पंपिंग कमजोर असेल तर १. पूर्वी हार्ट अटॅक आला असेल किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असतील तर १. पूर्वी पक्षाघात किंवा काही मिनिटांत बरा झालेला झटका येऊन गेला असेल तर २. पूर्वी स्त्री असण्याचाही एक गुण धरत; २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. तुमच्या वडिलांचे ३ होतात. २ किंवा जास्त असले की गोळी द्यावी, यावर आज तज्ज्ञांमध्ये फारसा मतभेद उरलेला नाही.

आता इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिन. ती प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून हार्ट अटॅकच्या रुग्णांत कामाची. रेंगाळलेल्या रक्तातली गुठळी मात्र मुख्यतः फायब्रिनच्या धाग्यांनी विणली जाते आणि तिथे अ‍ॅस्पिरिन तोकडी पडते. वॉरफरिनसारख्या जुन्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने एफिबमधले पक्षाघात जवळपास दोनतृतीयांशाने कमी होतात, अ‍ॅस्पिरिनने फार तर पाचव्या हिश्शाने. ज्यांना वॉरफरिन देणं योग्य वाटत नव्हतं अशा साडेपाच हजारांवर रुग्णांत अ‍ॅस्पिरिन आणि अपिक्झाबॅन यांची थेट तुलना झाली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघात किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकणं, वर्षाला अ‍ॅस्पिरिनवर ३.७ टक्के, अपिक्झाबॅनवर १.६ टक्के. मोठा रक्तस्राव १.२ आणि १.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच. ‘अ‍ॅस्पिरिन सौम्य आणि सुरक्षित’ ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा: अपिक्झाबॅन सुरू झाल्यावर इकोस्प्रिन चालू ठेवायची का? वडिलांना स्टेंट नसेल, हार्ट अटॅक आलेला नसेल, तर सहसा ती बंद करतात. स्टेंट घालून वर्ष उलटलेलं असेल तरीही बहुतेकांना एकटी अपिक्झाबॅन पुरते. दोन्ही गोळ्या विनाकारण सोबत चालू राहणं आणि मग जठरातून रक्तस्राव होणं, हे नेहमी दिसणारं चित्र आहे. मोतीबिंदूसाठी म्हणाल, तर डोळ्यात नुसते थेंब घालून होणाऱ्या ऑपरेशनला गोळी बहुधा थांबवावी लागत नाही.

आई ७८ वर्षांची, वजन ५२ किलो. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.१, म्हणजे नॉर्मल. अपिक्झाबॅन ५ मिग्रॅ दोनदा दिली आहे. हातावर निळे डाग दिसले म्हणून आम्ही स्वतःहून २.५ ची सुरू केली. मेडिकलवाल्यानेही ‘वय झालंय, अर्धी पुरे’ असं सांगितलं. बरोबर केलं ना? (चिपळूण)

नाही. पण तुमच्या प्रश्नात दोन धागे गुंतले आहेत, ते वेगळे करू.

पहिला किडनीचा. रिपोर्टवर १.१ नॉर्मल दिसतं, पण सडपातळ म्हाताऱ्या माणसात हा आकडा फसवतो. स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. या गोळ्यांसाठी जो हिशेब करतात तो असा: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आलेल्या आकड्याला ‘७२ गुणिले क्रिएटिनिन’ने भागा आणि बाईमाणूस असेल तर ०.८५ ने गुणा. तुमच्या आईचं ६२ गुणिले ५२ म्हणजे ३२२४, भागिले ७९.२ म्हणजे ४०.७, गुणिले ०.८५ म्हणजे साधारण ३५. ज्यांचं काम ९०-१०० ने चालतं त्यांच्या मानाने ही किडनी एकतृतीयांशाच्या आसपास आहे. हे माहीत असायलाच हवं, कारण दर गोळीचा डोस कमी करण्याचा नियम वेगळा आहे. रिव्हारोक्झाबॅन असती तर याच आकड्यावर २० ऐवजी १५ मिग्रॅ द्यावी लागली असती. इडोक्साबॅन असती तर ६० ऐवजी ३०.

अपिक्झाबॅनचा नियम निराळा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच २.५. आईंच्या बाबतीत वजनाची एकच अट लागू आहे. म्हणून आज त्यांना ५ मिग्रॅ दोनदा हाच बरोबर डोस. ८० पूर्ण झाली की वय आणि वजन मिळून दोन अटी होतील आणि तेव्हा २.५ बरोबर ठरेल. नियमात न बसता कमी केलेल्या डोसने रक्तस्राव टळतो असं दिसलेलं नाही. संरक्षण मात्र हातचं जातं. डॉक्टरांना फोन करा, डोस पूर्ववत करायला विचारा आणि कमी डोसवर किती दिवस गेले तेही सांगा.

दुसरा धागा निळ्या डागांचा. हाताच्या पाठीवर, कोपराखाली, भांडी घासताना वा दार लागून उमटणारे रुपयाएवढे डाग या वयात गोळीशिवायही उठतात. त्यांनी घाबरू नका. न लागता मांडी-पोटावर मोठे डाग येणं, काळी डांबरासारखी शौच, लघवी लाल होणं, हिरड्यांतून थांबतच नाही असं रक्त, चढताना नव्याने लागणारा दम, ही कळवायची लक्षणं. आणि किडनीची तपासणी वर्षातून एकदा पुरणार नाही. वरच्या हिशेबात आलेल्या आकड्याला १० ने भागा, तेवढ्या महिन्यांनी करायची असा एक सोपा ठोकताळा आहे. म्हणजे आईंची साडेतीन महिन्यांनी. जुलाब-उलट्या झाल्या, तर लगेच.

वय ३६. लहानपणी सांधेज्वर झाला होता, मायट्रल झडप आकसली आहे आणि आता एफिब. अ‍ॅसिट्रॉम (वॉरफरिनच्याच जातीची जुनी गोळी) २ मिग्रॅ रोज. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) १.६ आला म्हणून डोस ३ केला, पंधरा दिवसांनी ४.३. मग दोन दिवस बंद ठेवली, पुन्हा १.६. ओळखीच्या काकूंना नवी गोळी आहे, त्यांना रक्त तपासावंच लागत नाही. मला ती का देत नाहीत? (नांदेड)

तुम्हाला ती न देणारे डॉक्टर बरोबर आहेत. सांधेज्वराने मध्यम किंवा जास्त आकसलेली मायट्रल झडप आणि धातूची कृत्रिम झडप, या दोन ठिकाणी नव्या गोळ्या (अपिक्झाबॅन, रिव्हारोक्झाबॅन, इडोक्साबॅन, डॅबिगॅट्रान) चालत नाहीत. सांधेज्वराच्या झडपांचा आजार आणि एफिब असलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांत रिव्हारोक्झाबॅन आणि जुन्या गोळ्या यांची तुलना झाली. २४ देशांतल्या या रुग्णांत भारतातलेही होते. २०२२ मध्ये आलेला निकाल असा की जुन्या गोळीवरचे लोक जास्त जगले आणि त्यांना रक्तस्रावही अधिक झाला नाही. काकूंचं एफिब बहुधा झडपेच्या आजाराशिवायचं असणार.

तुमचा आयएनआर हेलकावे खातोय त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. २ वरून ३ म्हणजे ‘एकच मिलिग्रॅम वाढवला’ असं वाटतं, पण आठवड्याचा डोस १४ वरून २१ झाला, म्हणजे ५० टक्के वाढ. आयएनआर थोडा इकडेतिकडे असेल तर आठवड्याच्या एकूण डोसमध्ये ५ ते १५ टक्के बदल करतात. रोज २ असताना आठवड्यातून दोन दिवस, समजा सोमवार आणि शुक्रवारी, ३ घेतली की १६ होतात. १४ टक्के वाढ. कॅलेंडरवर त्या दोन चौकोनांत ३ लिहून ठेवा. उलट बाजूने, अ‍ॅसिट्रॉम शरीरातून वॉरफरिनपेक्षा बरीच लवकर निघून जाते. दोन दिवस सलग बंद केली की आकडा धाडकन खाली येतो. ४.३ असताना, रक्तस्राव नसेल तर, बहुतेकदा एखादा डोस टाळून किंवा कमी करून लवकर पुन्हा तपासलं की भागतं. पण हे तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तुमचं लक्ष्य २ ते ३.

लॅब एकच ठेवा आणि वहीत सेकंदांचा आकडा नको, आयएनआर लिहा. गोळी संध्याकाळी घ्या, म्हणजे सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट पाहून त्याच रात्रीचा डोस बदलता येतो. आणि ही गोळी १, २, ३, ४ मिग्रॅमध्ये मिळते. नवीन स्ट्रिप आणली की आकडा वाचल्याशिवाय पिशवीतून काढू नका.

पालेभाज्या बंद करायच्या नाहीत. मेथी, पालक, शेपू, माठ यांत के जीवनसत्त्व भरपूर, ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण डोस तुमच्या रोजच्या जेवणावर बसवलेला असतो. घोटाळा होतो तो बदलाने. थंडीत मेथी स्वस्त झाली, आठवडाभर रोज मेथी, आयएनआर खाली. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा-भगर, भाजी जवळपास बंद, आयएनआर वर. असे बदल ठरलेले असतील तर त्या काळात तपासणी एक जादा करा. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल, बुरशीवरची फ्लुकोनाझोल, को-ट्रायमोक्झाझोल यांनी आकडा झपाट्याने वर जातो. टीबीवरच्या रिफाम्पिसिनने तो कोसळतो. अशी कुठलीही गोळी सुरू झाली की तीन-चार दिवसांत आयएनआर.

तुमच्या वयामुळे एक जास्तीची सूचना. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत ही गोळी बाळाला घातक ठरू शकते. मूल हवं असेल तर आधी बोला, पाळी चुकली तर त्याच आठवड्यात चाचणी करून डॉक्टरांना गाठा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. झडपेच्या आजारात ते तुमच्याच जिवावर बेतेल.

रिव्हारोक्झाबॅन २० रात्री घेतो. एकादशी आणि सोमवारचा उपवास असतो. त्या दिवशी गोळी पाण्याबरोबर घेतली तर चालेल का? आणि विसरलो तर? (नाशिक)

उपाशीपोटी चालणार नाही. २० मिग्रॅची गोळी रिकाम्या पोटी जेमतेम दोनतृतीयांश शोषली जाते, जेवणाबरोबर जवळपास पूर्ण. त्या गोळीला भात-भाकरीच हवी असं नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, हे पोटभर खाणं पुरतं. एक केळं आणि चहा पुरत नाही. सोमवार संध्याकाळी सोडत असाल तर गोळी त्या जेवणाबरोबर. निर्जळी उपवास नेहमी करणाऱ्यांनी अपिक्झाबॅनसारखी, जेवणावर अवलंबून नसलेली गोळी चालेल का ते विचारावं.

विसरल्यास: दिवसातून एकदाची गोळी १२ तासांच्या आत आठवली तर घ्या, दोनदाची ६ तासांच्या आत. त्यानंतर आठवली तर सोडून द्या, पुढची वेळेवर. दोन एकदम कधीच नाही. या गोळ्यांचा असर दिवसभरात ओसरतो, म्हणून रोज विसरणाऱ्यांना आठवड्याच्या खणांचा डबा उपयोगी. अपवाद डॅबिगॅट्रानची कॅप्सूल. तिला दमट हवा सोसत नाही, कंपनीच्याच पाकिटात ठेवायची. आणि ती फोडून पाण्यात मिसळून कधीही देऊ नका, औषध एकदम जास्त शोषलं जातं.

दाढ काढायची आहे. डेंटिस्ट म्हणतात, रक्त पातळ करणारी गोळी सात दिवस बंद करून या. (पुणे)

सात दिवस हा आकडा जुना आहे, तोही दुसऱ्याच गोळ्यांचा. एक ते तीन दात साधेपणाने काढायचे असतील तर नव्या गोळ्या सहसा थांबवत नाहीत. जरा मोठं काम असेल तर अपिक्झाबॅन किंवा डॅबिगॅट्रानचा फक्त त्या सकाळचा डोस वगळतात आणि संध्याकाळचा नेहमीच्या वेळी घेतात. अ‍ॅसिट्रॉम-वॉरफरिनवाल्यांनी आदल्या दिवशीचा आयएनआर सोबत न्यावा. तो ४ च्या खाली असेल तर दात काढता येतो. अपॉइंटमेंट सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्या, म्हणजे नंतर रक्त आलं तरी दवाखाना उघडा असेल. खड्ड्यात टाका, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला बोळा, तो वीस-तीस मिनिटं घट्ट चावून धरणं, सारखं थुंकणं किंवा चूळ भरणं टाळणं. बहुतेकांचं रक्त एवढ्याने थांबतं.

पोटाच्या किंवा सांध्याच्या मोठ्या ऑपरेशनलाही नव्या गोळ्या साधारण आधीचे दोन दिवसच बंद ठेवतात. किडनी कमजोर असून डॅबिगॅट्रान असेल तर जास्त. मधल्या काळात रक्त पातळ ठेवणारी हेपरिनची इंजेक्शनं घेण्याची गरज एफिबमध्ये क्वचितच पडते. डेंटिस्टांना तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी दोन मिनिटं बोलायला सांगा. अशा फोनला कुणी नाही म्हणत नाही.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक घेतलं तर? आणि गावाकडे ताप आला की डॉक्टर कमरेत इंजेक्शन देतात, ते घ्यावं का? (परभणी)

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक या सगळ्यांनी मोठ्या रक्तस्रावाची शक्यता दुपटीच्या आसपास जाते. ‘पॅरासिटामॉलची’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत दुसरं औषध यांपैकी एक असतं. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. नुसती पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यांनी ती सलग काही दिवस दिवसाला २ ग्रॅम घेतली तर आयएनआर तपासावा. गुडघ्याला लावायचं जेल रक्तात फार कमी उतरतं, थोडं लावायला हरकत नाही.

कमरेतलं किंवा दंडातलं खोल इंजेक्शन टाळा. स्नायूत रक्त साठून गोळा धरतो, पाय उचलवत नाही. लस बारीक सुईने घेता येते, मात्र नंतर जागा किमान दोन मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही.

पावसाळ्यात तापाबरोबर डेंग्यूचा विचार करावाच लागतो. त्यात प्लेटलेट घसरतात आणि त्यावर ही गोळी. ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी ‘मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो’ हे सांगा, प्लेटलेट रोज मोजा. त्या ५० हजारांखाली गेल्या तर गोळी तात्पुरती थांबवायची की कमी करायची, हे डॉक्टर ठरवतात; आणि प्लेटलेट वर आल्या की ती पुन्हा सुरू झाली ना, हे घरच्यांनी पाहायचं. डिस्चार्जच्या कागदावर हे लिहायचं हमखास राहून जातं.

सासरे ८३ वर्षांचे, यंदा दोनदा पडले. गोळी बंद करावी असं घरात सगळ्यांचं मत. (डोंबिवली)

पडण्याची भीती हे गोळी बंद करण्याचं सगळ्यात वापरलं जाणारं आणि बहुधा सगळ्यात कच्चं कारण. वॉरफरिनबाबतचा एक हिशेब १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. डोक्यात रक्त साठण्याचा धोका गोळीच्या फायद्यापेक्षा मोठा ठरायला माणसाला वर्षातून जवळपास ३०० वेळा पडावं लागेल, असं त्यातून निघालं. नव्या गोळ्यांत मेंदूतला रक्तस्राव वॉरफरिनच्या निम्म्यावर आहे. ते का पडतात ते शोधा: उभं राहिल्यावर बीपी उतरतं का, रात्री झोपेची गोळी चालू आहे का, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का. डोक्याला मार लागला तर मात्र बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दाखवा. ज्यांना गोळी खरोखरच देता येत नाही, उदाहरणार्थ मेंदूत आधीच रक्तस्राव होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हृदयातली ती खोबण झाकणाऱ्या उपकरणाचा पर्याय असतो.

अ‍ॅब्लेशन (एफिब उठवणारा हृदयातला भाग निकामी करण्याचा उपचार) झालं, ईसीजी नॉर्मल आहे. आता गोळी बंद? आणि एवढं करून पक्षाघात आलाच तर काय करायचं? (कोल्हापूर)

अ‍ॅब्लेशननंतर दोन-तीन महिने सगळ्यांनाच गोळी. त्यापुढे ईसीजी पाहून नव्हे, पहिल्या उत्तरातले गुण पाहून ठरतं. एफिब गुपचूप परत येतं आणि दहा सेकंदांच्या ईसीजीत सापडत नाही. ठोके नियमित ठेवण्याच्या उपचारांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या अभ्यासात (२००२) बहुतेक पक्षाघात ज्यांनी वॉरफरिन थांबवली होती किंवा ज्यांचा आयएनआर २ च्या खाली होता अशांनाच झाले.

पक्षाघाताची लक्षणं: तोंड वाकडं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याने अचानक न दिसणं. १०८ ला फोन करा. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ, दोन्ही कागदावर लिहा, स्ट्रिप सोबत घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नवी गोळी ४८ तासांत घेतलेली असेल तर ते सहसा देत नाहीत. मग तारेने गुठळी ओढून काढण्याचा मार्ग उरतो, म्हणून ती सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. डॅबिगॅट्रानचा असर काही मिनिटांत उतरवणारं इंजेक्शन मिळतं, म्हणून कोणती गोळी हे डॉक्टरांना कळणं महत्त्वाचं. वाटेत पाणी पाजू नका, आणि झटका गुठळीमुळे की रक्तस्रावामुळे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नसल्यामुळे अ‍ॅस्पिरिनही देऊ नका.